पाया खणण्यापूर्वी : घरबांधणी प्रकल्प, पुरातत्त्वीय पाहणी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्याख्यानमालेत धम्माच्या एखाद्या अंगावर बोलले जाते. पंचशील, आर्य अष्टांगिक मार्ग, बाबासाहेबांचे आर्थिक विचार अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे आपण ऐकली आहेत. मला मात्र कार्यकारिणीने वेगळाच विषय दिला. आपल्या भागात डोंगराच्या पायथ्याशी घरे, बंगले, क्लब, पोहण्याचा तलाव अशी मोठमोठी संकुले उभी राहण्याच्या जाहिराती झळकू लागल्या आहेत. त्याच डोंगरांच्या कुशीत आपल्या धम्माची लेणी आहेत, विहार आहेत आणि काही ठिकाणी मातीखाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. अशा जमिनीवर बांधकाम करण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी झाली पाहिजे की नाही, कायदा काय सांगतो आणि आपण काय करू शकतो, हा आजचा विषय आहे.

मी पुरातत्त्वज्ञ नाही आणि वकीलही नाही. बँकेत कारकुनी करणारा, कागद वाचण्याची सवय असलेला माणूस आहे. म्हणून कागदाच्याच भाषेत सुरुवात करतो. घरासाठी कर्ज मागायला कोणी आले, की आम्ही जमिनीचा सर्च रिपोर्ट मागतो. तीस वर्षांत ही जमीन कोणाची होती, कोणी कोणाला विकली, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, हे सारे तपासले जाते. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा असे सगळे कागद फाइलला लागतात. तीस वर्षांचा हिशेब इतका काटेकोर मागणारी व्यवस्था त्याच जमिनीचा दोन हजार वर्षांचा हिशेब मात्र कोणालाच विचारत नाही. सातवाहनांच्या काळी तेथे कोण राहत होते, कोणी दान दिले, कोणाच्या अस्थी तेथे पुरल्या, हा बोजा कोणत्याच फाइलवर चढत नाही. माझ्या भाषणाचा मुद्दा एवढाच आहे, की हा बोजाही तपासला गेला पाहिजे आणि तोही पाया खणण्यापूर्वी.

न विचारता खणले की काय होते

इ. स. १७९४ मधील गोष्ट आहे. बनारसजवळ सारनाथ येथे धर्मराजिक स्तूप उभा होता. तथागतांनी जेथे पहिले धम्मप्रवचन दिले, तीच ही पवित्र भूमी. बनारसचे बाबू जगतसिंह यांच्या माणसांनी बाजारपेठेच्या बांधकामासाठी या स्तूपाच्या विटा आणि दगड काढले. खोदता खोदता दगडी पेटी लागली, तिच्यात हिरव्या संगमरवरी दगडाचा करंडक होता आणि त्यात अस्थी होत्या. त्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. त्यामागे कदाचित श्रद्धाच असेल, कारण मृताच्या अस्थी गंगेत सोडाव्यात हीच त्यांची रीत होती. आपण काय उघडले आहे, हे तेथे कोणालाच माहीत नव्हते. जोनाथन डंकन या इंग्रज अधिकाऱ्याने ही हकीकत एशियाटिक सोसायटीला कळवली म्हणून ती आज आपल्याला कळते. अस्थी गेल्या आणि स्तूपही गेला. आज सारनाथला धर्मराजिक स्तूपाचा फक्त पाया दिसतो.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी आंध्रातील अमरावती येथे तेच घडले. तेथील जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू नवे गाव वसवीत होते आणि बांधकामाला विटा-दगड हवे होते. जवळच्या टेकाडातून ते काढले जाऊ लागले. कर्नल कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचला तेव्हा ते टेकाड म्हणजे जगातील एक अप्रतिम महाचैत्य आहे, हे उघड झाले. आज अमरावतीची शिल्पे चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत पाहावी लागतात. मूळ जागी फारच थोडे उरले आहे. मध्य प्रदेशातील भारहूतलाही १८७३ मध्ये कनिंगहॅम पोहोचले तेव्हा स्तूपाचे दगड आसपासच्या गावांतील घरांत बसवलेले होते.

बंधू-भगिनींनो, या तिन्ही ठिकाणी कोणी मुद्दाम धम्मस्थळ पाडायला निघाले नव्हते. घरे बांधायची होती, बाजार वसवायचा होता, गाव उभारायचे होते. आजच्या भाषेत ते विकासाचेच काम होते. त्या काळी कायदा नव्हता आणि ज्ञानही नव्हते. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली ती १८३७ मध्ये. आज कायदा आहे, ज्ञानही आहे. म्हणून आज तसे घडले तर अज्ञानाची सबब आपल्याला सांगता येणार नाही.

सोपाऱ्याचा धडा

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. वसईजवळचे नालासोपारा आपण लोकल गाडीतून पाहतो. हे प्राचीन शूर्पारक बंदर होय. तेथे एक मोठे टेकाड होते आणि लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड उत्खनन करून पाहिले, तेव्हा तो विटांचा स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती. तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा असे एकात एक करंडक होते. सर्वांत आत मातीच्या पात्राचे तेरा लहान तुकडे होते, ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. करंडकाभोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातुमूर्ती होत्या, सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपला आहे. त्याच वर्षी सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली ते हेच वर्ष.

या हकीकतीतील दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली गोष्ट अशी, की गावातल्या कुणालाही तो स्तूप आहे हे माहीत नव्हते. नाव होते बुरूड राजाचे. भंडारा जिल्ह्यातील पवनीला तेच झाले. तेथील ‘जगन्नाथ टेकडी’ला मंदिरावरून नाव पडले होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा खाली भव्य स्तूप आणि ब्राह्मी लेख कोरलेले स्तंभ निघाले. आपली कितीतरी लेणी ‘पांडवलेणी’ म्हणून ओळखली जातात. म्हणजे नावावरून जागेची ओळख पटतेच असे नाही. ‘आमच्या जमिनीत तसले काही नाही’ असे कोणी सांगितले, तर ते प्रामाणिकपणे सांगितलेले असू शकते आणि तरीही चुकीचे असू शकते. जाणकाराने पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आजचे सोपारे पाहा. स्तूप केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. पण प्राचीन शूर्पारक म्हणजे केवळ एक स्तूप नव्हे. ते मोठे व्यापारी नगर होते. त्या नगराच्या परिसरावर आज वसई-विरार शहर पसरले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या बारा लाखांवर होती. इमारतींचे पाये खोदताना त्या नगराचे किती अवशेष ट्रकमधून भराव म्हणून निघून गेले, याची नोंद कुठे आहे? तेथे राहणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांत आपलेही हजारो बांधव आहेत आणि मुंबईत परवडत नाही म्हणून त्यांनी तेथे घर घेतले. पण प्रत्येक मोठ्या इमारतीपूर्वी दोन-चार दिवस एखादा जाणकार ती जागा पाहून गेला असता, तर त्या बांधवांची घरे थांबली नसती आणि शूर्पारकाचा इतिहासही थोडाफार हाती राहिला असता.

कायदा काय सांगतो

आता कायद्याकडे वळू. मुख्य कायदा म्हणजे १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम. या कायद्याखाली केंद्र सरकारने देशभरात साडेतीन हजारांहून अधिक स्मारके व स्थळे संरक्षित केली आहेत. आपल्या महाराष्ट्रात अशी पावणेतीनशेहून जास्त आहेत. त्यांत अजिंठा, वेरूळ, कान्हेरी, कार्ले, भाजे, बेडसे आहेत. याशिवाय राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्य संरक्षित स्मारके येतात.

केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र संरक्षित जागेच्या हद्दीपासून चहूबाजूंनी १०० मीटरपर्यंत प्रतिषिद्ध क्षेत्र असते. तेथे नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करायची तर परवानगी घ्यावी लागते. त्यापुढील २०० मीटर हे विनियमित क्षेत्र असून तेथे बांधकामाला आधी परवानगी लागते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा, त्याने तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने बांधकामाचा स्मारकावर काय परिणाम होईल हे तपासून दोन महिन्यांत कळवायचे आणि मग महिन्याभरात परवानगी द्यायची किंवा नाकारायची, असा क्रम आहे. मोठ्या प्रकल्पांचा परिणाम तपासण्याचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. नियम मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजायचे नसून संरक्षित जागेच्या हद्दीपासून मोजायचे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लेण्याचा दरवाजा दूर दिसला तरी संरक्षित गट नंबर प्रकल्पाच्या कुंपणाला टेकलेला असू शकतो. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका, नकाशा पाहा.

मोठ्या प्रकल्पांना आणखी एक पायरी चढावी लागते. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरीचा टप्पा लावण्यात आला. त्या अर्जाच्या नमुन्यात जवळपास मानववंशशास्त्रीय किंवा पुरातत्त्वीय स्थळे अथवा वस्तू आहेत काय, असा प्रश्नच घातलेला आहे. प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाने ती जागा पायी फिरून पाहिलीच पाहिजे, असे बंधन तो नमुना घालत नाही. ‘नाही’ हा एकच शब्द लिहून रकाना भरता येतो.

आणि येथेच कायद्यातील मोठी उणीव आहे. कायदा राखतो ते यादीतले. जे टेकाड यादीत नाही, जे लेणे अजून झाडोऱ्यात दडले आहे, ज्या शेतात नांगराला मोठाल्या विटा लागतात पण कोणी कळवले नाही, त्याला १०० मीटरचे किंवा एक मीटरचेही संरक्षण नाही. जमिनीत सापडलेल्या किमती ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी, असा १८७८ चा निखात निधी कायदा आहे. पण तो वस्तू सापडल्यानंतरचा आहे. जेसीबी चालवणाऱ्या मजुराला खापराचा तुकडा आणि कौलाचा तुकडा यांतला फरक कोण सांगणार?

यादीतले तरी सुरक्षित आहे काय, तेही पाहू. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात सांगितले, की १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली असता ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत. पुढे २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर जो तपशील आला त्यानुसार त्यातील ४२ शोधून काढण्यात आली. उरलेल्या ५० पैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ जलाशयांखाली गेली आणि २४ चा पत्ताच लागला नाही. कायद्याने राखलेल्या स्मारकांचा हा हिशेब आहे. न राखलेल्यांचा तर हिशेबच नाही.

दुसरीकडे काय करतात

ब्रिटनमध्ये १९९० पासून नियम आला, की ज्या जमिनीत अवशेष असण्याचा संभव आहे तेथे बांधकामाची परवानगी मागणाऱ्याने आधी पुरातत्त्वीय अभ्यास सादर करावा. त्याचा खर्चही त्यानेच करावा. आदल्या वर्षी लंडनमध्ये एका कार्यालयाच्या इमारतीखाली शेक्सपिअरच्या काळातील रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा गदारोळ झाला, त्यातून हे शहाणपण आले. जपानमध्ये १९५० चा कायदा आहे. ज्ञात पुरातत्त्वीय जागेत बांधकामासाठी खणायचे असेल तर साठ दिवस आधी कळवावे लागते. या देशांत घरे बांधणे थांबलेले नाही.

आपल्या देशातही चांगली उदाहरणे आहेत. नागार्जुनसागर धरण बांधायचे ठरले तेव्हा नागार्जुनकोंड्याचे संपूर्ण खोरे पाण्याखाली जाणार होते. १९५४ ते १९६० या काळात पुरातत्त्व खात्याने तेथे मोठे उत्खनन केले, अनेक विहार आणि स्तूप उजेडात आणले आणि निवडक स्मारके बेटावर व अनुपू येथे पुन्हा उभारली. गुजरातमध्ये शामळाजीजवळ देवनी मोरी येथे मेश्वो धरणाचे पाणी येण्यापूर्वी १९६० ते १९६३ मध्ये बडोदा विद्यापीठाने उत्खनन केले, म्हणून तेथील स्तूप आणि अस्थिकरंडक जगाला कळला. धरण झाले, शेतीला पाणी मिळाले आणि बुद्धांचा ठेवाही हाती आला. आधी विचारले म्हणून हे साधले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी विटांचा प्राचीन स्तूप आणि वसाहत शोधून काढली. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. तेथे स्तूप आहे हे निदान आपल्याला माहीत आहे आणि म्हणून तो वाचवा अशी मागणी तरी करता येते. जे माहीतच नाही त्यासाठी मागणी कोण करणार?

पाहणी म्हणजे नेमके काय

पाहणी म्हटले, की अनेकांना वाटते वर्षानुवर्षे खोदकाम चालणार आणि काम ठप्प होणार. तसे नसते. पहिली पायरी कागदावरची. जुनी गॅझेटिअर, विशेषतः ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे, हेन्री कझिन्स यांची १८९७ मधील मुंबई इलाख्यातील अवशेषांची यादी, भूमापन खात्याचे नकाशे आणि शेतांची नावे तपासायची. आपल्या खेड्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची. माणसे शेकडो वर्षे जेथे राहिली तेथील माती राखेने, चुन्याने, घरांच्या पडझडीने पांढुरकी होते. त्यामुळे एखाद्या शेताला ‘पांढरी’ म्हणत असतील आणि आज तेथे एकही घर नसेल, तर तेथे जुने गाव असल्याची ती खूण असू शकते.

दुसरी पायरी पायी फिरण्याची. खापरे, मोठ्या मापाच्या विटा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, कोरलेल्या पायऱ्या पाहायच्या. डोंगरात एखादे खोदीव पाण्याचे टाके दिसले तर वर लेणे असण्याचा संभव असतो, कारण भिक्खूंना पाणी लागे. तिसरी पायरी शंका असेल तेथे लहान चाचणी खड्डे घेण्याची. आणि तेथे काही निघाले तरच चौथी पायरी, म्हणजे उत्खनन. तेव्हाही सगळी जमीन जात नाही. पुष्कळदा इमारत थोडी सरकवून, तेवढी जागा बाग म्हणून मोकळी ठेवून काम भागते. क्लबच्या हिरवळीखाली स्तूपाचा पाया सुखरूप राहू शकतो. तळघराच्या खड्ड्यात तो राहू शकत नाही.

एक सूचना आवर्जून करतो. आपल्यापैकी कोणीही उत्साहाच्या भरात स्वतः खणू नये. असंरक्षित जागेत राज्य सरकारलासुद्धा केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही, मग आपण कोण? मातीच्या थरांत वस्तू कोठे होती यावर तिचा काळ ठरतो. ती उचलून घरी आणली, की ती मुकी होते. नागपूरजवळ मनसर येथील उत्खननात बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने पुढाकार घेतला, पण काम जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा या अनुभवी पुरातत्त्वज्ञांच्या हातून करवून घेतले. तेथील अवशेषांच्या ओळखीबाबत विद्वानांत मतभेद आहेत, तरी समाजाने पुढाकार आणि शास्त्राने काम करावे, ही पद्धत अनुकरणीय आहे.

आपल्यातील दोन मते

आता थोडे कडू बोलतो. या विषयावर आपल्या समाजात दोन मते आहेत. काही बांधव म्हणतात, एकही वीट रचू देऊ नका, हा सगळा परिसर बुद्धांचा आहे. काही तरुण म्हणतात, पोट भरायचे आधी बघा. प्रकल्प आला तर सुरक्षा रक्षकाची, माळ्याची, वायरमनची कामे मिळतील. दगडांनी आमच्या घरी चूल पेटत नाही.

या तरुणांचे म्हणणे मला हसण्यावारी नेता येत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर राहावे लागले, ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, त्याला पक्के घर आणि नियमित पगार म्हणजे काय हे मला वेगळे सांगायला नको. कर्जाच्या अर्जावर पहिल्यांदा ‘स्वतःचे घर’ असे लिहिताना माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते मी रोज पाहतो. म्हणून ‘घरे नकोत’ ही मागणी आपली असता कामा नये. ‘आधी पाहणी, मग पाया’ ही मागणी असावी. ती घराच्या विरोधात नाही आणि रोजगाराच्याही विरोधात नाही. उलट ऐन बांधकामात अवशेष निघाले, काम थांबले, कोर्टकज्जे झाले, तर ज्याने आयुष्याची पुंजी आगाऊ भरली त्याचेच हप्ते चालू राहतात आणि घर मिळत नाही. आधी पाहणी झाली तर घर घेणाराही सुरक्षित राहतो.

पहिल्या मताच्या बांधवांनाही एक विचारतो. कायदा सर्वांना सारखा आहे, हे आपण मान्य करणार आहोत ना? १०० मीटरच्या आत बंगला नको, तसे आपले नवे सभागृह, भोजनगृह किंवा कमानही विनापरवाना नको. लेण्यात सिमेंटची मूर्ती बसवणे, कोरीव भिंतीला ऑइलपेंट फासणे, शिलालेखावर मेणबत्त्या लावणे यानेही ठेवा नष्टच होतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव आपल्या मेणबत्तीच्या काजळीने झाकले गेले, तर ती वंदना कशी म्हणायची? बिल्डरला जो नियम दाखवायचा तो आधी आपण पाळला, तरच आपल्या अर्जाला वजन येईल.

काय करायचे

शेवटी कामाच्या गोष्टी सांगतो. सभा संपल्यावर त्या विसरू नयेत म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, संस्थेने आपल्या तालुक्याची वही करावी. गावागावांतील उपासकांनी आपल्या शिवारातील टेकाडे, लेणी, टाकी, जुन्या विटा लागणारी शेते आणि त्यांची लोकांच्या तोंडची नावे लिहून काढावीत. गट नंबर, तारीख, छायाचित्र जोडावे. वस्तू उचलू नये, फक्त नोंद करावी. वृद्ध मंडळींना आधी विचारावे, कारण त्यांच्याबरोबर नावेही जातील.

दुसरी, ही नोंद राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाला पाठवून पोच घ्यावी. नवे स्मारक संरक्षित करताना सरकार दोन महिन्यांची मुदत देऊन हरकती मागवते. त्या काळात पाठिंब्याचे अर्जही गेले पाहिजेत.

तिसरी, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यात ऐतिहासिक जागा राखण्याची तरतूद आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचना मागवतात. ती मुदत चुकवू नये. बहुतेक वेळा आपण मुदत संपल्यावर मोर्चा काढतो.

चौथी, मोठा प्रकल्प येत असेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली त्याचा पर्यावरण मंजुरीचा अर्ज मागवावा आणि पुरातत्त्वाच्या प्रश्नापुढे काय उत्तर लिहिले आहे ते वाचावे. ‘नाही’ असे लिहिले असेल आणि आपल्या वहीत ‘आहे’ असेल, तर त्या दोन कागदांतील फरकच आपला अर्ज.

पाचवी, हा अर्ज सभ्य भाषेत आणि पुराव्यासह असावा. प्रकल्प रद्द करा असे लिहू नये. खोदकामापूर्वी पुरातत्त्वज्ञांकडून पाहणी करून घ्यावी, तिचा अहवाल जाहीर करावा आणि अवशेष निघाल्यास त्या जागेपुरता नकाशा बदलावा, एवढे तीन मुद्दे मांडावेत.

सहावी, आपल्या मुला-मुलींपैकी कोणी इतिहास, पाली किंवा पुरातत्त्व शिकू इच्छित असेल तर त्याला ‘यात नोकरी कुठे आहे’ असे म्हणून परावृत्त करू नये. ब्राह्मी लिपी येणारा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक तालुक्यात असली, तर पुष्कळ काही वाचेल, दोन्ही अर्थांनी.

बंधू-भगिनींनो, कार्ले-कान्हेरीच्या दानलेखांत राजांची नावे आहेत, तशी सुतार, सुगंधी द्रव्यांचे व्यापारी, भिक्खुणी आणि सामान्य गृहस्थांचीही आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी पाण्याचे टाके दिले. त्यांच्या मिळकतीतून त्यांनी जे दिले ते आपल्यापर्यंत पोहोचले, कारण मधल्या काळात कोणी ते फोडले नाही. आपल्या पिढीच्या हाती जेसीबी आहे आणि कायदाही आहे. यातले कोणते यंत्र आधी चालवायचे, हे आपण ठरवायचे आहे. त्यासाठी आजच्या सभेत वहीचा ठराव मांडावा, अशी अध्यक्षांना नम्र विनंती करतो.



जयभीम! नमो बुद्धाय!